आपल्याच विरोधात लिहिणारा

उमरीत वाढलेल्या मुलाला दोन गोष्टी न शिकवता येतात. पहिली, 30 जानेवारी 1948 ला हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली. दुसरी, रझाकार. 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाले की भाषणात दोन्ही यायच्या. पहिलीला आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. दुसरी सुरू झाली की वर्गातली आम्ही चार-पाच मुस्लिम पोरे बुटांच्या नाड्यांकडे बघत बसायचो. कुणी आम्हाला काही बोलायचे असे नाही. पण लातूरला वकिली करणारा तो कासिम रझवी आपला कुणीतरी लागतो आणि त्याचा हिशेब आपल्याकडे मागितला जाणार आहे, असे वाटत राहायचे.

शोएबुल्लाह खान हे नाव त्या भाषणांत मी कधी ऐकले नाही. आमच्या मोहल्ल्यातही नाही. ते कळले तिशीत, हैदराबादला नोकरी करत असताना.

उमरीवरून जाणारी रेल्वे बासर, निझामाबाद करत काचीगुड्याला पोचते. त्याच काचीगुडा भागात 21 ऑगस्ट 1948 च्या रात्री ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक कचेरीतून घरी चालले होते. वय 27. सोबत मेहुणे इस्माईल खान. रझाकारांनी दोघांना गाठले. शोएबुल्लाह यांच्यावर गोळ्या झाडल्या, हात तोडला. इस्माईल खान यांचाही हात गेला. शोएबुल्लाह काही तासांत वारले. चार आठवड्यांच्या आत निजामाने शरणागती पत्करली. ती बातमी ‘इमरोज’मध्ये छापायला ते नव्हते.

ते आधी मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये काम करत. तो पेपर सरकारने बंद पाडला. मग नोव्हेंबर 1947 मध्ये बूरगुल रामकृष्णराव यांच्या पाठबळावर त्यांनी ‘इमरोज’ काढला. हैदराबादने भारतात सामील व्हावे, लोकांना जबाबदार सरकार मिळावे, रझाकारांना आवरावे, एवढेच ते लिहीत होते. यातले बरेच काही मराठी आणि तेलुगू पत्रेही लिहीत होती आणि त्यांनाही निजामाच्या राज्यात सुख नव्हते. आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ साप्ताहिकावर बंदी आली की नाव बदलून अंक काढावा लागे. पण ती पत्रे दरबाराच्या लेखी परकीच होती. ‘इमरोज’ उर्दूत होता. रझाकारांची भरती ज्या भाषेत चालायची, त्याच भाषेत तो रोज सकाळी घराघरांत जाऊन सांगत होता की हे लोक तुमच्या नावाने जे चालवत आहेत, ते तुमचे नाही. परक्याच्या पेपरवर बंदी घालून भागते. घरातल्या माणसाचा हात तोडावा लागला.

शोएबुल्लाह खान यांचे नाव अलीकडे काही भाषणांत येऊ लागले आहे, बहुधा ‘बघा, मुसलमानांतही असे होते’ अशा सुरात. तो ‘ही’ मला टोचतो. आपण चांगले मुसलमान आहोत याचे प्रमाणपत्र म्हणून त्यांना भिंतीवर टांगण्यात मला रस नाही. मला त्यांच्याकडून वेगळे काही हवे आहे. ते पत्रकार होते आणि त्यांनी आपल्याच लोकांविरुद्ध लिहिले. असा माणूस आज आपल्या मोहल्ल्यात निघाला तर आपण त्याचे काय करतो?

याचे एक उत्तर कन्नडमध्ये सापडते. बिदर आणि गुलबर्गा 1956 पर्यंत आपल्याच राज्यात होते, देगलूर ओलांडले की आजही दुकानांच्या पाट्या बदलतात, पण त्या भाषेतल्या वर्तमानपत्रांबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नसते. पी. लंकेश यांनी 1980 मध्ये बंगळूरहून ‘लंकेश पत्रिके’ हे साप्ताहिक काढले. जाहिरात घ्यायची नाही, वाचकाच्या पैशावर चालवायचे, हा त्याचा नियम होता. छोट्या आकाराचा, स्वस्त कागदावरचा हा अंक गावोगाव जायचा आणि आमदारापासून मठापर्यंत कुणालाही सोडायचा नाही. याच अंकात 1981 मध्ये सारा अबूबक्कर यांची ‘चंद्रगिरिय तीरदल्ली’ ही पहिली कादंबरी क्रमशः आली. तलाक आणि त्याभोवतीचे पुरुषांचे राजकारण एका मुस्लिम बाईने कन्नडमध्ये लिहिले, आणि ते छापले एका हिंदू नावाच्या संपादकाने. आपल्याकडच्या किती संपादकांनी त्या काळात एखाद्या मुस्लिम बाईला असे पानामागून पान दिले असते, मला शंका आहे.

याच ‘लंकेश पत्रिके’साठी हासनच्या बानू मुश्ताक वार्ताहर म्हणून काम करत. 2025 मध्ये त्यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर त्यांचा फोटो होता, माझ्याही. पण 2000 मध्ये, बायकांना मशिदीत नमाज पढण्याचा हक्क आहे असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्याच समाजाने तीन महिने त्यांच्यावर बहिष्कार टाकला होता. धमक्यांचे फोन आले. एक माणूस सुरा घेऊन आला, त्याला त्यांच्या नवऱ्याने अडवले. बुकरनंतर त्यांना म्हैसूरच्या दसऱ्याचे उद्घाटन करायला बोलावले, तर एक मुस्लिम बाई चामुंडेश्वरीच्या उत्सवाला कशी चालेल म्हणून दुसऱ्या बाजूचे लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे त्यांची याचिका टिकली नाही. पंचवीस वर्षांत एकाच बाईला दोन्हीकडच्यांनी अडवून पाहिले. दुसरी अडवणूक आपल्याला पाठ आहे. पहिली किती जणांना माहीत होती?

लंकेश 2000 मध्ये गेले. पुढे त्यांच्या मुलीने, गौरीने, ‘गौरी लंकेश पत्रिके’ हे स्वतःचे साप्ताहिक सुरू केले. जाहिराती नाहीतच. खप मर्यादित, कर्ज कायम. 2008 च्या एका बातमीवरून भाजपच्या खासदाराने टाकलेल्या बदनामीच्या खटल्यात नोव्हेंबर 2016 मध्ये हुबळीच्या न्यायालयाने त्यांना दोषी धरले आणि सहा महिन्यांची शिक्षा सुनावली. त्यांना जामीन मिळाला. 5 सप्टेंबर 2017 च्या रात्री बंगळूरमध्ये त्यांच्या घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. तपासात या खुनाचे धागे पुण्याचे दाभोलकर, कोल्हापूरचे पानसरे आणि धारवाडचे कलबुर्गी यांच्या खुनांशी जोडले गेले. आरोपींपैकी एक आपल्या मराठवाड्यातला, जालन्याचा माजी नगरसेवक. 2024 मध्ये तो जामिनावर सुटला, आणि त्याच वर्षी विधानसभेच्या तोंडावर राज्यातल्या एका सत्ताधारी पक्षाने त्याला वाजतगाजत प्रवेश दिला. ओरड झाल्यावर त्याच्या नियुक्तीला स्थगिती मिळाली. खटला संपलेला नाही आणि तो दोषी आहे की नाही हे न्यायालय ठरवेल. पण संपादकाच्या खुनाचा आरोप ही निवडणुकीच्या राजकारणात अडचण उरलेली नाही, एवढे त्या हारतुऱ्यांवरून कळले.

गौरी गेल्यावर आपण मेणबत्त्या लावल्या. ते योग्यच होते. मात्र दूरच्या पत्रकारासाठी मेणबत्ती लावणे स्वस्त पडते. मोहम्मद झुबेर यांना जून 2022 मध्ये अटक झाली तेव्हा त्यांच्या बाजूने पोस्ट टाकताना मला कसलीच भीती वाटली नाही. ते माझ्यासारखेच इंजिनिअर, आधी नोकियात होते, अभिमान वाटायचा. आता ज्या प्रसंगात मला भीती वाटली, तो सांगतो.

आमच्याच भागातल्या एका तालुक्याच्या गावी माझा एक मित्र बातम्यांचे छोटे पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल चालवतो. वेबसाइट मी बनवून दिली, सर्व्हरचे पैसे मीच भरतो. काही वर्षांपूर्वी त्याने गावातल्या एका दर्ग्याच्या इनाम जमिनीवरच्या दुकानांची बातमी केली. कोणते दुकान कुणाच्या नावावर, भाडे किती, पोटभाडेकरूकडून प्रत्यक्षात किती घेतले जाते, आणि मधला फरक कुठे जातो याचा हिशेब लागत नाही, इतकेच. शिवी नव्हती, आरोप नव्हता, कागदांचे फोटो होते. संध्याकाळपर्यंत ती मोहल्ल्याच्या ग्रुपवर फिरली. कुणीतरी लिहिले, ‘अपनेच लोगां के खिलाफ कायकू लिख रा बे? दुश्मनां कू मसाला दे रा.’ त्या ग्रुपचा एक ॲडमिन मी आहे. मी काही बोललो नाही. रात्री आठ-दहा जण त्याच्या घरी गेले. हात लावला नाही कुणी. वडिलांना बाहेर बोलावले, मशिदीत भेटू म्हणाले, बहिणीच्या लग्नाचा विषय काढला. अकराच्या सुमारास मित्राचा मला फोन आला: ‘काढून टाक.’

बातमी काढायला मला अर्धा मिनिटही लागला नाही. ‘थांब, सकाळी बघू’ असे मी म्हणू शकलो असतो. त्याच्या घरी जाऊन बसू शकलो असतो, मी गावातच होतो, ईदची सुट्टी होती. मला उलट सुटल्यासारखे वाटले.

2025 चा वक्फ दुरुस्ती कायदा आला तेव्हा याच ग्रुपवर निषेधाच्या सभांची निमंत्रणे फिरली. मीही सभेला गेलो. आपल्या पूर्वजांनी गरिबांसाठी ठेवलेल्या जमिनीवर सरकारचा डोळा आहे, हे सांगणारी भाषणे ऐकली आणि ती मला पटली. फक्त येताना आठवत राहिले की त्याच जमिनीच्या भाड्याचा हिशेब ज्याने मागितला, त्याला आपणच गप्प बसवले होते. वक्फ मंडळाचे मुख्यालय औरंगाबादला आहे, आपल्यापासून एका रात्रीच्या गाडीवर. तिथले कागद वाचणारा, सात-बारा काढणारा, तहसीलात खेटे घालणारा माणूस आपल्याकडे नसेल तर न्यायालयात वकील तरी काय दाखवणार?

‘दुश्मनां कू मसाला’ हा मुद्दा मी थट्टेवारी नेत नाही. आज एखादी बातमी उमरीत लागली की ती संध्याकाळपर्यंत कुठल्या चॅनेलवर कसल्या मथळ्याखाली दिसेल, सांगता येत नाही. दर्ग्याच्या भाड्याची बातमी तिथे ‘लँड जिहाद’ होते. पण याला उपाय म्हणून बातमी दाबली तर ती मरत नाही, तिचा मालक बदलतो. आपला माणूस कागद लावून सांगत होता, आता तेच दुसरा कुणी कागदाशिवाय सांगेल आणि आपल्याकडे दाखवायला काही नसेल.

गावात लिहिणारा माणूस नसला की काय होते, याचा आपल्याइतका अनुभव फार थोड्यांना असेल. 1948 चा सप्टेंबर पुन्हा आठवा. रझाकारांनी केलेले खून, लुटालूट, गावांवरचे हल्ले खरे आहेत आणि शाळेतल्या भाषणात ते यायलाच हवेत. पोलीस ॲक्शननंतरच्या आठवड्यांत जे झाले, ते मात्र कुठल्याच भाषणात येत नाही. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी 1948 च्या अखेरीस हैदराबाद राज्यात फिरून अहवाल दिला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे त्या कारवाईदरम्यान आणि नंतर 27 हजार ते 40 हजार माणसे मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर शहरात वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली, दहा हजारांच्या आसपास असलेल्या मुस्लिमांपैकी जेमतेम तीन हजार त्यांना तिथे दिसले, असे त्यात आहे. कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचवले, हेही आहे.

या तिघांतले काझी अब्दुल गफार स्वतः संपादक होते, हैदराबादचा ‘पयाम’ त्यांनीच काढला होता. अहवाल वाचताना बातमीदाराची नजर जाणवते. पण सरकारने तो छापला नाही. दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो सर्वसामान्यांना बघायला मिळू लागला 2013 च्या सुमारास. दरम्यान पासष्ट वर्षे गेली. माझ्या नानीला ‘सन अठ्ठेचाळीस’ म्हटले की गप्प व्हायची सवय होती, आणि आम्हाला वाटायचे तिला ऐकू कमी येते. नांदेड-लातूरच्या गावांतले मेलेले कुणाच्या यादीत नाहीत, कारण याद्या करणारा पेपर त्या आठवड्यांत तिथे नव्हता. शोएबुल्लाह खान जिवंत असते तर त्यांनी सप्टेंबरमध्ये काय लिहिले असते, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. जो माणूस रझाकारांना घाबरला नाही, तो नंतरच्या लोकांना घाबरला असता असे वाटत नाही. आपल्याविरुद्ध लिहिणारा मारला गेला आणि महिन्याभरात आपल्यासाठी लिहिणारा कुणी उरला नाही. तो एकच माणूस होता.

आता आजच्या तालुक्याकडे. तालुका वार्ताहराला बहुतेक पेपर पगार देत नाहीत. मानधन नावापुरते, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. दिवाळी, वर्धापनदिन आणि साहेबांचा वाढदिवस, यावर त्याचे वर्ष निघते. ज्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात घ्यायची, त्याच्याच रेतीच्या हायवांची बातमी कशी द्यायची? यातून काही जण दुसऱ्या टोकाला जातात, हातात बूम घेऊन ग्रामसेवकाकडून पाकीट घेतात. असे लोक आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यावर कुणी गाडी घालत नाही. रत्नागिरीच्या राजापूरमध्ये शशिकांत वारिशे बारसूच्या रिफायनरीवर लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला, ज्याच्याविरुद्धची बातमी त्याच सकाळी छापून आली होती, त्याच्या गाडीने त्यांना उडवले. दुसऱ्या दिवशी ते गेले. आधी तो अपघात वाटावा असाच प्रकार होता, ओरड झाल्यावर खुनाचे कलम लागले.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. विधिमंडळाने तो 2017 मध्ये मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळायला 2019 उजाडले. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. कायदा चांगला आहे, पण तो हल्ल्याचा आहे. माझ्या मित्रावर हल्ला झालाच नव्हता. बहिणीच्या लग्नाचा विषय काढणे कुठल्याही कलमात बसत नाही. जाहिरात बंद करणे बसत नाही. बदनामीचा खटला तर कायदेशीरच, आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 500 खाली होता, आता न्याय संहितेच्या 356 खाली. शिक्षा क्वचित होते, पण चार वर्षे तारखेला जाण्यातच माणूस संपतो. भरीला माहिती अधिकाराची धार बोथट झाली. डेटा संरक्षण कायद्याने त्यातली वैयक्तिक माहितीची तरतूद अशी बदलली की लाभार्थ्यांची किंवा भाडेकरूंची यादी मागितली तर ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणे अधिकाऱ्याला फार सोपे झाले. डेटा जपणे हे माझ्या धंद्यातले काम आहे. त्याचा असा वापर होईल हे आम्हा इंजिनिअर लोकांच्या चर्चेत फारसे आलेच नाही.

म्हणून जे कायद्यात बसत नाही ते आपल्यालाच करावे लागेल, आणि ते मोठे काम नाही. आपल्या तालुक्यात कागद लावून बातमी देणारा एखादा असेलच, कोणत्याही धर्माचा. त्याला वर्षाची वर्गणी पोचती करा, त्याने मागितली नसली तरी. त्याची कोर्टात तारीख असेल त्या दिवशी दोघे जण सोबत जा. त्याच्या बातमीची प्रत तुमच्या फोनमध्ये, पेनड्राइव्हवर, जमेल तिथे ठेवा. एका ठिकाणी असलेली बातमी अर्ध्या मिनिटात जाते हे मी करून पाहिले आहे, वीस ठिकाणी असलेली जात नाही. आणि ग्रुपवर ‘अपनेच लोगां के खिलाफ’ सुरू झाले की निदान एकाने लिहा, ‘बातमी चूक असेल तर कागद दाखवा.’ तेवढे एक वाक्य त्या रात्री मी लिहिले असते तर ते आठ-दहा जण गेले नसते असे नाही, पण मित्राला कळले असते की ग्रुपमध्ये आणखी एक माणूस आहे.

त्या बातमीचा बॅकअप माझ्याकडे होता. सर्व्हर साफ करताना तो दरवेळी समोर यायचा आणि मी पुढे जायचो. गेल्या महिन्यात मित्राला फोन करून तो काढला तेव्हाची सगळी गोष्ट बोललो, माफी मागितली आणि विचारले, परत लावू का? तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘थांब जरा. भाड्याचे आकडे जुने झालेत. नवे घेतो, मग लावू. आणि यावेळी दुकानांचे फोटो काढायला तू येशील का?’

पुढच्या शनिवारी जायचे ठरले आहे.